नोकरी गेल्याच्या दिवसापासून नव्या नोकरीच्या पहिल्या पगारापर्यंत

सतरा वर्षं मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात पगार विभागात होते. कुणाला कमी केलं की त्याचा शेवटचा हिशोब माझ्या टेबलावर यायचा. मग एका मार्चमध्ये आमचीच लाइन बंद झाली आणि माझा हिशोब दुसऱ्या कुणीतरी केला. दोन्ही बाजूंनी हे पाहिल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते. नोकरी जाण्याने माणसाचं जेवढं नुकसान होतं, जवळजवळ तेवढंच पहिल्या आठ-दहा दिवसांत घाईघाईने केलेल्या सह्यांमुळे आणि घरात लपवलेल्या बातमीमुळे होतं. म्हणून नवी नोकरी कशी शोधायची हे या लेखात बरंच पुढे येईल. आधी कागद आणि घर.

१. सही करण्याआधी

बहुतेक वेळा दुपारी उशिरा बोलावणं येतं. एचआरची व्यक्ती, तुमचा साहेब, टेबलावर दोन-तीन कागद. "इथे सही करा, रिलीव्हिंग लेटर लगेच देतो." त्या क्षणी कानात नुसता आवाज घुमत असतो, काही कळत नाही. तरीही कागदाचं शीर्षक वाचा. कित्येकदा तो राजीनामा असतो, तुमच्याच नावाने टाइप केलेला, "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलेला.

अशा वेळी एवढंच म्हणा: "मला हे घरी नेऊन वाचायचंय, दोन दिवसांत कळवते." यात उद्धटपणा काही नाही. कागद मिळाल्याची पोच द्यावीच लागली, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "प्रत मिळाली. मजकूर मान्य आहे असे समजू नये." खाली तारीख टाका आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.

हे इतकं महत्त्वाचं का? राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून गेलात, आणि नोकरकपातीची भरपाई मागायचा आधार निसटतो. औद्योगिक विवाद कायद्यात (१९४७) नियम असा होता की वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यायचा, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही हा हक्क कायम आहे. शिवाय कमी केलेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत, मालकाने भरण्याची तरतूद नव्याने आली आहे. "कामगार" कोण हे हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" छापलेलं असलं तरी हाताखाली कुणी नसेल आणि दिवसभर तुम्ही स्वतःच यंत्रावर किंवा संगणकावर काम करत असाल, तर आपण या व्याख्येत बसत नाही असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका. कामगार आयुक्त कार्यालयात किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे एकदा विचारा.

कधीकधी कंपनी म्हणते, राजीनामा द्या, आम्ही तीन महिन्यांचा पगार देतो. कायद्याने मिळणाऱ्या रकमेपेक्षा ही रक्कम खरोखर जास्त असेल तर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त आकडा आणि देण्याची तारीख आधी लेखी मिळाली पाहिजे. तोंडी कबूल केलेले पैसे नंतर कुणाच्या वहीत सापडत नाहीत, हे मी त्याच टेबलावर बसून पाहिलं आहे.

२. लॅपटॉप परत करण्याआधी

मेल आणि पोर्टल तासाभरात बंद होऊ शकतं. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि रजांचा शिल्लक आकडा एवढं स्वतःकडे घ्या. हे सगळे तुमचे कागद आहेत. कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या, ड्रॉइंग यांना मात्र हात लावू नका, त्यावरून हिशोब अडकतो.

आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. कंपनीचं सिम कार्ड वापरत असाल तर तो नंबर आधार, बँक आणि यूएएनला (पीएफचा कायमचा क्रमांक) जोडलेला आहे का ते बघा. सिम परत केलं की ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातो. आमच्याकडच्या एका इंजिनिअरला स्वतःचे पीएफचे पैसे दिसायला पाच महिने लागले, कारण एवढंच. सिम देण्याआधी नंबर बदलून घ्या.

३. त्याच संध्याकाळी घरी सांगा

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ होते. नोकरी गेल्यावरही ते रोज सकाळी सात चाळीसला डबा घेऊन निघायचे. दिवसभर एका वाचनालयात बसायचे, दीड वाजता बाहेरच्या कट्ट्यावर डबा खायचे आणि साडेसहाला परत यायचे. अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी भर दुपारी पाऊस आला, डब्याची पिशवी भिजली, आणि मुलीने त्यांना बसस्टॉपवर पाहिलं. बायकोला राग आला तो नोकरी गेल्याचा नव्हता. त्या अकरा दिवसांत तिने दिवाळीसाठी नवा फ्रिज हप्त्यावर घेतला होता आणि हे तिच्यासोबत दुकानात उभे राहून मान डोलावत होते.

कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. लाज वाटते, हे मला माहीत आहे. मी स्वतः घराच्या जिन्यात वीस मिनिटं बसले होते. पण घरचा खर्च दोघांच्या, तिघांच्या हातून होतो. बातमी एकाच्याच पोटात राहिली तर बाकीचे जुन्याच पगाराच्या हिशोबाने चालत राहतात. मुलांनाही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. आईवडील गावी असतील तर त्यांना बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

४. किती महिने निघतील

कागद घ्या आणि डाव्या बाजूला हातातला पैसा लिहा: बचत, मुदत ठेव आणि येणाऱ्या हिशोबाची रक्कम. पीएफ यात धरू नका. उजव्या बाजूला दर महिन्याला टाळता न येणारा खर्च: भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, दूध, वीज, शाळेची फी, औषधं, विम्याचे हप्ते. भिशीत असाल आणि तुमची उचलून झाली असेल तर उरलेले हप्तेही इथेच, कारण तो शब्द दहा घरांना दिलेला असतो. डावीकडचा आकडा उजवीकडच्याने भागा. उत्तर चार आलं तर चार महिने.

उत्तर तीनपेक्षा कमी आलं तर हप्ता चुकण्याच्या आधी कर्जाच्या बँकेत जा. ९० दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादित, म्हणजे थकलेल्या कर्जांत जातं, आणि त्यानंतर बोलणी अवघड होतात. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा काही काळ फक्त व्याज भरणं यांपैकी काही मिळतं का, ते विचारता येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी रक्कम) थांबवता येते, ती थांबवा. विमा मात्र थांबवू नका. पैशाची नड लागलीच तर वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डापेक्षा सोनं तारण ठेवणं स्वस्त पडतं. "दागिने मोडायचे नाहीत" म्हणून महागडं कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत, आणि शेवटी त्यांचे दागिनेही गेले.

पगार खात्यात काही महिने पगार आला नाही की बऱ्याच बँका त्याचं साध्या बचत खात्यात रूपांतर करतात आणि किमान शिल्लक मागू लागतात. बँकेला विचारून ठेवा.

५. हिशोब स्वतः मांडा

या टप्प्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चुका इथेच होतात आणि त्या बहुतेक वेळा तुमच्याविरुद्ध होतात.

शेवटच्या हिशोबात राहिलेल्या दिवसांचा पगार, नोटीसचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, नोकरकपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी एकरकमी रक्कम) आणि अडकलेली बिलं येतात. चार संहितांपैकी वेतन संहितेनुसार कामावरून कमी केल्यावर वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस आहेत.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग नोकरी झाली की मिळते, मग तुम्ही सोडलीत की काढलं हे महत्त्वाचं नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एक वर्षावरही मिळते. चार वर्षं पूर्ण होऊन पाचव्यात २४० दिवस भरले असतील तर मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाच्या आधारे मागणी करता येते. सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, पण अर्ज करायला काही जात नाही.

आता उदाहरण. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३२,००० रुपये, नोकरी ७ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, म्हणजे वर्षं झाली ८. महिना ३० दिवसांचा धरायचा नाही, २६ चा धरायचा. ३२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८. उत्तर १,४७,६९२ रुपये. हाच हिशोब एका ठिकाणी ३० ने भागून आणि ७ वर्षं धरून मांडलेला मी पाहिला; रक्कम आली होती १,१२,०००. पस्तीस हजारांच्या वर फरक, आणि ज्याचा हिशोब होता तो माणूस त्यावर सही करून मोकळा झाला होता. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेल्यांनी तर आकडा नक्कीच पुन्हा तपासावा.

कराचंही बघा. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि नोकरी सोडताना मिळालेले रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त असू शकतात. नोटीसच्या पगारावर मात्र कर लागतो. पगार विभागाने सरसकट कर कापला असेल तर तिथल्या तिथे विचारा.

आणि पीएफ. लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो, "कधी काढता येईल?" माझं उत्तर: शक्यतो काढू नका. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढला तर कर लागतो, आणि नव्या कंपनीत तीच रक्कम वळती केली तर जुनी वर्षं जोडली जातात. पेन्शनचा भाग काढून घेतलात की तेवढी सेवा पुसली जाते. पेन्शनसाठी १० वर्षं लागतात. नऊ वर्षं झाल्यावर त्या भागाच्या थोड्याशा रकमेसाठी अर्ज करणारी माणसं बघून मला फार वाईट वाटायचं. एवढं करा: पासबुकात शेवटच्या महिन्याचं योगदान जमा झालंय का आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का ते बघा. कंपनीने नोंदली नाही तर शेवटच्या योगदानानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती तुम्हाला स्वतः टाकता येते.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जरूर करा. अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदा मिळतात. योजना मुदतीची आहे आणि मुदत वाढत आली आहे, म्हणून खिडकीवरच विचारा. हक्काचे पैसे आहेत, तरी आपल्याकडे कितीतरी जणांना ते ठाऊकच नसतात.

६. आरोग्य विमा

कंपनीचा गट विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात आईची शुगर, वडिलांचं बीपी असेल तर नव्याने पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि गट विम्यात काढलेला काळ त्यात मोजला जातो. त्यासाठी शेवटच्या दिवसाआधीच अर्ज करा. एचआरकडून पॉलिसी क्रमांक आणि कधीपासून विमा होता त्याचं पत्र मागून घ्या.

७. आता नोकरी

दोन-तीन दिवस काहीच करू नका म्हटलं तर चालेल, आठवडा नको. सकाळची वेळ ठरवून घ्या: अंघोळ, चहा, आणि साडेनऊला टेबलावर. दुपारनंतर मोकळे व्हा. दिवसभर पोर्टल चाळत बसलं की रात्री फक्त थकवा हाती लागतो.

ओळखीच्यांना निरोप पाठवायचाच आहे, पण "माझ्यासाठी काहीतरी बघा" असं लिहू नका. समोरच्याला वाईट वाटतं आणि तो तुमच्यासाठी काय बघायचं हे न कळल्यामुळे गप्प राहतो. मी पाठवलेला निरोप असा होता:

"नमस्कार दादा. आमची लाइन बंद झाल्यामुळे ३१ मार्चला माझी नोकरी संपली. सतरा वर्षं पगार, पीएफ, ईएसआय आणि कंत्राटी कामगारांची नोंद सांभाळली. भोसरी, चाकण, तळेगाव भागात दोनशे-तीनशे माणसांच्या कंपनीत असं काम असेल तर मी लगेच रुजू होऊ शकते. तुमच्या ओळखीत अशा कंपनीचा हिशोब बघणारे कुणी आहेत का? फक्त नंबर दिलात तरी पुरे."

हा निरोप मी साठ-सत्तर जणांना एकेकाला वेगळा पाठवला. ग्रुपवर टाकला नाही. उत्तरं वीसेक आली, नंबर सात मिळाले, आणि काम मिळालं ते एका जुन्या कॅन्टीनवाल्याने दिलेल्या नंबरवरून. तो आता दुसऱ्या कारखान्यात डबे पोचवतो आणि तिथल्या बाई रजेवर जाणार आहेत हे त्याला माहीत होतं. ओळखीच्या यादीत साहेब लोक आधी आठवतात. पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले, ऑडिटरकडची मुलं यांना विसरू नका. ही माणसं रोज दहा गेटांतून आत जातात.

छोट्या कारखान्यांच्या जागा कितीतरी वेळा कुठल्याच पोर्टलवर येत नाहीत. वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी, रांजणगाव, कुठल्याही एमआयडीसीत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान छापील बायोडेटा घेऊन गेटवर गेलेल्या माणसाला अजूनही आत बोलावतात. सोबत राज्य सरकारच्या महास्वयम आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नाव नोंदवा. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथून मिळते.

मुलाखतीत "जुनी नोकरी का सोडली?" हे विचारणारच. सरळ सांगा: "विभाग बंद झाला, आम्हा चाळीस जणांना कमी केलं, त्यात मी होते." दोन वाक्यांत संपवा आणि आपल्या कामावर या. जुन्या कंपनीबद्दल कडवट बोलू नका. पगार विचारला तर "काहीही चालेल" म्हणू नका. चौथ्या टप्प्यात काढलेला महिन्याचा खर्च तुमच्याकडे आहे. त्याच्या खाली जायचं नाही एवढं मनाशी पक्कं ठेवा.

काहीतरी शिकायचं असेल तर आधी पाच जाहिराती वाचा, त्या सगळ्यांत मागितलेलं आणि तुम्हाला न येणारं एकच कौशल्य निवडा. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी पोर्टलवर बरंच फुकट शिकता येतं. "शंभर टक्के नोकरीची हमी" देऊन लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासला पहिल्या तीन महिन्यांत तरी जाऊ नका. आणि नोकरी देण्याआधी नोंदणीचे, लॅपटॉपचे, गणवेशाचे पैसे मागणारा माणूस फसवतो आहे, हे धरूनच चला. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

८. मन ढासळलं तर

दोन महिने झाले, फोन येत नाही, झोप लागत नाही, जेवण नकोसं होतं, असं सलग दोन आठवडे चाललं तर त्याला आळस किंवा रिकामपण समजू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर त्या रात्री एकटे राहू नका, घरातल्या एकाला उठवा.

९. नवी नोकरी मिळाल्यावर

नेमणूकपत्रात प्रोबेशन (कायम होण्याआधीचा काळ) किती, नोटीस किती, कायम की कराराची नोकरी, हे वाचल्याशिवाय रुजू होऊ नका. जुना यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. चालू आर्थिक वर्षात जुन्या कंपनीत मिळालेला पगार आणि कापलेला कर त्यासाठीच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून नव्या पगार विभागाला द्या. हे केलं नाही तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने कमी कर कापतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. नव्या पगारावर उभं राहत असतानाच हा दणका बसतो. माझ्या टेबलावर दर जुलैत असे चार-पाच चेहरे यायचे.

पहिल्या पगाराची पावती हातात आली की मूळ वेतन, पीएफची कपात आणि यूएएन क्रमांक ताडून बघा. ज्यांना ज्यांना निरोप पाठवला होता त्या सगळ्यांना, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांनाही, फोन करून रुजू झाल्याचं सांगा. मी कॅन्टीनवाल्या दादांना पेढे घेऊन भेटले. त्यांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "तुमच्याकडे पॅकिंगला माणूस लागतो का हो ताई? आमच्या शेजारच्या पोराला काल काढलंय."